रोजची गरम पेये आणि औषधी काढे : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात बहुतेक घरांच्या गॅलरीत तुळशीशेजारी गवती चहाची एक कुंडी असते. २०२० नंतर तिच्या बाजूने गुळवेलीचा वेलही चढला आणि स्वयंपाकघरात काढ्याच्या पुडीचा डबा कायमचा आला. घरच्या साध्या वनस्पतींकडे लोक पुन्हा वळले, हे चांगलेच झाले. मात्र या उत्साहात रोज निर्धास्तपणे पिण्याचे सौम्य पेय आणि ठरावीक दिवसच घ्यायचे औषध यांतील भेद पुसट झाला आहे. खालील उत्तरे हा भेद डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण या विषयातील बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

हर्बल चहा, फांट आणि काढा यांत नेमका काय फरक आहे?

आयुर्वेदात वनस्पतींपासून औषध तयार करण्याच्या मूलभूत पद्धतींना कषायकल्पना म्हणतात. स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ, हिम आणि फांट अशा त्या पाच आहेत. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्यांची प्रमाणे दिलेली आहेत. क्वाथासाठी, म्हणजे आपल्या काढ्यासाठी, एक भाग भरड औषधाला सोळा भाग पाणी घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. फांटासाठी एक भाग औषधावर चार भाग कढत पाणी ओतायचे, थोडा वेळ ठेवायचे आणि गाळायचे. उकळत बसायचे नाही. हिमासाठी औषध सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचे.

आज ज्याला आपण हर्बल चहा म्हणतो तो पद्धतीने फांटच आहे, फक्त ग्रंथातील फांटापेक्षा पुष्कळ पातळ. दोन ग्लास पाण्याचा पाव ग्लास होईपर्यंत आटवलेला काढा आणि कपभर गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवलेली चार पाने यांची ताकद सारखी असूच शकत नाही. म्हणून ‘सगळे नैसर्गिकच तर आहे’ या एका वाक्याने दोन्ही एकाच पंगतीत बसवू नयेत.

मग रोज पिण्यासाठी कोणते पेय योग्य?

जे पदार्थ आपल्या जेवणात एरवीही असतात, त्यांचे पातळ फांट निरोगी प्रौढ व्यक्तीने रोज एक-दोन कप घेण्यास सहसा हरकत नसते. गवती चहा, आल्याचा लहानसा तुकडा, जिरे, धणे, बडीशेप, वेलदोडा, पुदिना हे त्यात येतात. यांत चहाची पत्ती नसल्याने कॅफिन नसते, त्यामुळे संध्याकाळी उशिरा घेतले तरी झोपेवर परिणाम होत नाही.

गवती चहा करताना बहुतेक जण तो चहाच्या आधणात दहा-दहा मिनिटे खळखळ उकळतात. तसे केले की घरभर सुवास दरवळतो आणि कपात फारसे काही उरत नाही, कारण त्याचा गंध बाष्पनशील तेलाचा असतो व ते तेल वाफेबरोबर निघून जाते. त्याऐवजी दोन लांब पाती धुऊन घ्यावीत. कडा धारदार असल्याने बोट कापते, म्हणून हाताने ओरबाडण्यापेक्षा कात्रीने इंच-इंच तुकडे करावेत. पाणी उकळले की गॅस बंद करावा, पाती टाकावीत आणि लगेच झाकण ठेवावे. पाच-सात मिनिटांनी झाकण उचलले की त्याच्या आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांनाच सर्वाधिक वास येतो. ते थेंब पातेल्यात पडू द्यावेत. पाणी फिकट पिवळसर हिरवे दिसते, आणि साखर न घालताही ते गोडसर लागते. हीच पद्धत तुळस, पुदिना आणि वेलदोड्यालाही लागू आहे. मुळे, साली आणि खोडे यांचा अर्क मात्र नुसत्या गरम पाण्यात नीट उतरत नाही, त्यांना उकळावे लागते.

काढा रोज घेतला तर काय बिघडते?

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या ‘आयुष क्वाथा’चे प्रमाण असे होते : तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि मिरी एक भाग, यांचे मिश्रण तीन ग्रॅम, १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे नाव क्वाथ असले तरी सूचना चहासारखे पेय करण्याचीच होती. अनेक घरांत तीन ग्रॅमचा मोठा चमचा झाला, पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवले गेले, त्यात लवंग, ओवा आणि जास्तीची मिरी पडली, आणि हे उन्हाळ्यातही चालू राहिले. तोंड येणे, छातीत जळजळ, शौचाच्या वेळी आग, मूळव्याध चिघळणे या तक्रारी अशा वेळी येतात आणि त्यांत नवल काहीच नाही. हे सगळे पदार्थ उष्ण आणि तीक्ष्ण आहेत. सर्दी-खोकल्यात दोन-चार दिवस असा काढा घ्यावा आणि बरे वाटताच थांबवावा.

नाशिकच्या हवेत कोणत्या ऋतूत काय घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागते, कारण ऋतुचर्या हा आयुर्वेदाचा गाभा आहे आणि आपल्या जिल्ह्यात ऋतू ठसठशीत जाणवतात.

पावसाळ्यात, दुतोंड्या मारुतीभोवती पुराचे पाणी चढते त्या दिवसांत, भूक मंदावते आणि वात वाढतो असे ग्रंथ सांगतात. या काळात सर्वांत महत्त्वाचे पेय म्हणजे उकळून कोमट केलेले साधे पाणी. त्यात सुंठीची चिमूट किंवा थोडा ओवा घातला तर पोट हलके राहते. नदीनाल्यांचे पाणी गढूळ झालेले असताना पाणी उकळण्याचा लाभ कोणत्याही वनौषधीपेक्षा मोठा आहे.

पाऊस सरला की ऑक्टोबरचे ऊन तापते. हा शरद ऋतू पित्ताचा आहे, आणि नेमक्या याच काळात द्राक्षबागांची छाटणी चालू असल्यामुळे माणसे दिवसभर उन्हात राबतात. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी यांना या दिवसांत रजा द्यावी. धणे रात्री भिजवून सकाळी गाळलेले पाणी, काळ्या मनुका भिजवून त्याच पाण्यात कुस्करून केलेले पेय, किंवा वाळा आणि उपळसरी घातलेले पाणी या काळात अधिक योग्य ठरते. वाग्भटाने द्राक्षाला फळांत श्रेष्ठ म्हटले आहे. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून मनुकांचे पाणी विसरणे बरे नव्हे. मनुका कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवाव्यात. ही पेये गरम नसतात, पण गरम पेय बाराही महिने हितकर असते, हा समजच मुळात सोडायला हवा.

थंडीत निफाडचा पारा राज्यातील नीचांकाच्या बातम्यांत असतो आणि शहरातही पहाटे बोचरा गारठा असतो. तेव्हा भूक चांगली असते आणि शरीर उष्ण, स्निग्ध पदार्थ पचवते. आल्याचा किंवा सुंठीचा चहा, गूळ-सुंठीचे पाणी, हळदीचे दूध यांचे खरे दिवस हेच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढू लागते तसा साठलेला कफ पातळ होतो आणि सर्दी, जडपणा, आळस वाढतात. अष्टांगहृदयात वसंत ऋतूसाठी सुंठीचे पाणी, नागरमोथ्याचे पाणी आणि मधाचे पाणी सांगितले आहे. एप्रिलपासून पुन्हा थंड गुणाच्या पदार्थांकडे वळावे.

गुळवेल रोज घेणे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. गुळवेल ही आयुर्वेदातील मान्यवर वनस्पती आहे, ज्वर आणि अन्य अनेक विकारांत वैद्य ती वापरतात, याबद्दल दुमत नाही. तथापि २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांच्यातील यकृतदाह स्वप्रतिकारक, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा, आजारासारखा होता. आयुष मंत्रालयाने त्यावर असे म्हटले की, गुळवेलीसारखीच दिसणारी, त्याच कुळातील दुसरी जात चुकून वापरली जाण्याची शक्यता आहे आणि योग्य जात सुरक्षित आहे.

या वादात सामान्य माणसाने काय करावे? ओळख पटल्याशिवाय रस्त्याकडेच्या झाडावरून वेल तोडून आणू नये. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे आणि गुळगुळीत असते. अंगठ्याएवढ्या जाड कांडीची वरची साल कागदासारखी पातळ सुटते, तिच्याखाली हिरवा थर दिसतो, आणि कांडी आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. दुसऱ्या जातीच्या खोडावर ठळक गाठीगाठी असतात. पण ओळख पटली तरी तिचा काढा महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेणे मला अयोग्य वाटते. यकृताचा विकार किंवा आमवात, सोरायसिस यांसारखा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अन्नावरची वासना गेली, तर काढा त्या क्षणी बंद करून तपासणी करावी.

हळदीचे दूध कसे करावे?

कपभर दुधात पाव ते अर्धा चमचा हळद घालून दोन-तीन मिनिटे उकळावे. कच्ची हळद वरून भुरभुरवू नये. चिमूटभर मिरपूड घातली तर हळदीतील करक्युमिन शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि दुधातील स्निग्धांशही त्याला मदत करतो. हळदीत भेसळ होत असल्याने हळकुंडे आणून दळून घेणे श्रेयस्कर. पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जेवणातील हळदीपलीकडे जास्तीची हळद घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

गरम पाण्यात मध घालावा का?

नाही. चरकसंहितेने मध आणि उष्णता यांचा संयोग निषिद्ध मानला आहे. पेय बोट सहज बुडवता येईल इतके कोमट झाल्यावरच मध घालावा.

दुधाच्या चहात तुळस टाकतात, ते योग्य आहे का?

विरुद्ध आहाराच्या यादीत चरकाने मुळा, लसूण, शेवगा, तुळस असे पदार्थ खाऊन वर दूध पिण्यास मनाई केली आहे. कधीतरी चहात दोन पाने पडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, परंतु रोज घ्यायची असेल तर तुळस बिनदुधाच्या पेयातच घालावी. दुधाच्या चहासाठी आले, वेलदोडा आणि गवती चहा पुरेसे आहेत.

मिसळ खाल्ल्यावर जळजळ होते. तेव्हा काय प्यावे?

रविवारची मिसळ नाशिककर सोडणार नाहीत, आणि सोडावी असे सांगण्याचा हेतूही नाही. तर्रीवर तर्री घेतल्यानंतर आल्याचा कडक चहा पिणे मात्र आगीत तेल ओतण्यासारखे आहे. धणे, जिरे आणि बडीशेप समभाग घेऊन भरड कुटून ठेवावेत. एक चमचा भरड दोन कप पाण्यात घालून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावी, गाळावी आणि कोमट प्यावी. जळजळ आठवड्यातून अनेकदा होत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा घास गिळताना अडकत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.

रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइडची औषधे चालू आहेत. कोणती काळजी घ्यावी?

ज्येष्ठमधाबाबत सर्वांत जास्त सावध राहावे. घशासाठी ते उत्तम आहे, चवीला गोड आहे, आणि म्हणूनच पाकिटातील अनेक मिश्रणांत ते असते. त्यातील ग्लिसरायझिन शरीरात मीठ व पाणी साठवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ज्येष्ठमधाचा चहा टाळावा.

मेथी आणि दालचिनी यांच्यामुळे रक्तातील साखर काही प्रमाणात उतरू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना त्यांचे काढे सुरू केले तर साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. बाजारात मिळणारी जाड, एकपदरी दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते आणि तिच्यात कुमारिन अधिक असते, जे मोठ्या प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरते. अनेक पातळ पदरांची, बोटांनी सहज मोडणारी सिलोन दालचिनी नित्य वापरासाठी बरी. गूळ घातलेला काढा मधुमेहींना साखर घातलेल्या चहाइतकाच वर्ज्य आहे, हेही सांगावे लागते, कारण ‘गूळ चालतो’ असे अनेक जण धरून चालतात.

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यावी आणि पुढे किमान अर्धा ते एक तास कोणतेही पेय घेऊ नये. लोहाच्या गोळ्यांच्या आसपासही चहा किंवा वनस्पतींचे फांट नको, कारण त्यांतील काही घटक लोहाचे शोषण कमी करतात. जे काही घेता ते आपल्या डॉक्टरांना नावानिशी सांगावे. ‘घरचा काढा’ एवढे सांगून त्यांना काहीच कळत नाही.

गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुले यांचे काय?

गरोदरपणातील मळमळीसाठी आल्याचा लहान तुकडा घातलेले पातळ पेय चालते. ज्येष्ठमध, गुळवेल, अश्वगंधा आणि कोणताही आटवलेला काढा वैद्य व प्रसूतितज्ज्ञ यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाळंतिणीला ओवा आणि बाळंतशेपा घालून उकळलेले पाणी देण्याची आपल्याकडची रीत आहे. घरातील आजी सांगतात त्या सौम्य प्रमाणात ती चालू ठेवावी.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. प्रथा जुनी असली तरी या बाबतीत ती सोडावी.

‘डिटॉक्स चहा’ने वजन कमी होते का?

अशा अनेक मिश्रणांत सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, काट्यावर आकडा उतरतो, पण उतरते ते पाणी, चरबी नव्हे. म्हणून सोनामुखीची सवय लावून घेऊ नये. साखर-दुधाचे चार कप चहा सोडून त्याजागी बिनसाखरेचे फांट घेतले तर वजनाला निश्चितच मदत होते, आणि तेवढीच अपेक्षा प्रामाणिक आहे.

पेय किती गरम असावे आणि भांडे कोणते वापरावे?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास संभाव्य कारण ठरवली आहेत. वाफाळता काढा एका दमात पिण्याची सवय म्हणूनच मोडावी. ग्रंथांनी मातीचे भांडे सांगितले आहे. घरी स्टीलचे पातेले उत्तम. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू, कोकम किंवा आवळा घातलेले काहीही उकळू नये.

वनौषधी नको असतील तर आपल्या स्वयंपाकात दुसरी कोणती गरम पेये आहेत?

भरपूर आहेत, आणि ती मागे पडत चालली याचे मनापासून वाईट वाटते. आयुर्वेदाने मंड, पेया, यूष यांना काढ्यांच्या आधी स्थान दिले आहे. भाताची पेज, मुगाचे कढण, थंडीतले हुलग्याचे माडगे हीच ती पेये. पेठ-सुरगाण्याकडील नागलीची पेज किंवा आंबील आता शहरातही मिळणाऱ्या नागलीच्या पिठापासून सहज करता येते : दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून, उकळत्या पाण्यात सतत ढवळत सोडावे, मीठ व जिरे घालावे, आंबटपणा हवा असल्यास गॅस बंद केल्यावर ताक मिसळावे. आजारातून उठलेल्या माणसाला महागड्या हर्बल पुडीपेक्षा मुगाचे कढण अधिक बळ देते, कारण त्यात अन्नही आहे.

तयार पाकीट विकत घेताना काय पाहावे?

पाकिटावर चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असेल तर ते उत्पादन अन्न म्हणून विकले जात आहे. औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध आहे आणि त्याची मात्रा औषधासारखीच पाळायला हवी. २०२२ पासून ‘आयुर्वेद आहार’ या प्रकारासाठी स्वतंत्र नियमही लागू झाले आहेत. घटकांची नावे व प्रमाण स्पष्ट नसेल, किंवा एकच पुडी मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही बरे करते असा दावा असेल, तर ते पाकीट परत ठेवावे.

सल्ला कोणाकडून घ्यावा?

नोंदणीकृत बी.ए.एम.एस. किंवा त्यापुढील पदवी असलेल्या वैद्यांकडून. आपल्या शहरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे, त्यामुळे जाणकार वैद्य मिळणे नाशिककरांना कठीण नाही. काष्ठौषधींच्या दुकानदाराला वनस्पतींची पारख असते, रुग्णाची नसते.

वाळवलेली पाने आणि चूर्णे किती दिवस टिकतात?

तुळस, गवती चहा आणि पुदिना सावलीत वाळवावेत. कडक उन्हात रंग आणि गंध दोन्ही जातात. हाताने चुरली असता कुरकुरीत आवाज आला की पाने काचेच्या कोरड्या बरणीत भरून अंधाऱ्या फडताळात ठेवावीत. शार्ङ्गधराच्या मते अख्खी वनस्पती वर्षभरानंतर आणि चूर्ण दोन महिन्यांनंतर गुणहीन होते, म्हणून सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी अख्खी आणावी व लागेल तशी थोडी-थोडी कुटावी. नाशिकच्या पावसाळ्यात बरणीत ओल शिरते. ठिपके, जाळी किंवा कुबट वास जाणवला तर उन्हात घालून पुन्हा वापरण्याचा मोह टाळून सर्व टाकून द्यावे. काढा त्या त्या दिवशीच करावा आणि संपवावा. उरलेला काढा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करू नये.